मराठी साहित्यातील काडीमोड

करंजीच्या ताटाशेजारी उघडून ठेवायच्या अंकात काडीमोडीविषयी लेख यावा, हे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. पण आमच्या कळंबकडच्या घरांत दिवाळी आणि हा विषय तितके परके नाहीत. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे, आणि दुसऱ्याच दिवशी भाऊबीजेसाठी माहेरची वाट धरायची. ती माहेरी आली, की परत कधी जाणार हा प्रश्न चारचौघांत हसून विचारला जातो, आणि एखाद्या घरात त्याचे उत्तर येत नाही. आई स्वयंपाकघरात तिला हळूच विचारते, वडील विचारीत नाहीत. तुळशीचे लग्न होते, कार्तिक संपतो, तरी पेटी भरली जात नाही. अशा किती दिवाळ्या आपल्या भागातल्या ओसऱ्यांनी पाहिल्या असतील! तेव्हा ज्या दिवसांत ही गोष्ट घरात उघडी पडते, त्याच दिवसांत ती छापली तर बिघडले कोठे?

मला मात्र या लेखात कोणाच्या घरात डोकवायचे नाही. आपल्या नाटककारांनी, कादंबरीकारांनी आणि बोलपटवाल्यांनी मोडणारा संसार कसा लिहिला, एवढेच पाहावयाचे आहे. त्यांनी दुःख उत्तम लिहिले, याविषयी वाद नाही. उंबरठाही उत्तम लिहिला. पण उंबरठ्याच्या अलीकडे निर्णय करण्यात जी वर्षे जातात आणि पलीकडे न्यायालयाच्या बाकावर जी वर्षे जातात, ती त्यांनी जवळजवळ कोरी सोडली आहेत. मराठी माणूस संसार कसा करावा आणि कसा मोडावा हे बरेचसे नाटकांतून शिकला असल्यामुळे या कोऱ्या पानांची किंमत वाचकाला मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘काडीमोड’ हा शब्द किती सोपा आहे! पंचांसमोर गवताची काडी मोडायची, दोन तुकडे दोहोंकडे, आणि नाते सुटले. ‘सोडचिठ्ठी’, ‘फारकत’ हेही तसेच रोकडे शब्द. ज्या जातींत पाट लागत असे, त्यांच्यात हे शब्द बोलताना कोणी आवाज खाली आणीत नसे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही रूढीने चालत आलेली अशी फारकत पुसून टाकली नाही. फक्त ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. पण पांढरपेशा मराठीने या शब्दांना बाहेर ठेवून ‘घटस्फोट’ हा भारदस्त शब्द घेतला. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी आहे. तो जिवंत असताना त्याच्या नावे पाण्याचा घट दासीकडून पायाने लवंडवायचा, आणि पुढे त्याच्याशी बोलणे-चालणे सर्व बंद. काडी मोडली तर दोन माणसे वेगळी होतात. घट फुटला तर त्यांतले एक मेलेले धरले जाते. आपल्या साहित्याने शब्द कोणता निवडला, यावरूनच पुढच्या शंभर वर्षांतल्या कथानकांचा अंदाज यावा.

‘एकच प्याला’ घ्या. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची सिंधू दारुड्या नवऱ्याला सोडीत नाही, हे सर्वांना पाठ आहे. बाप आणि भाऊ दोघेही समर्थ, माहेर संपन्न, दार उघडे. तरी ती जात नाही. आमच्या आज्यांनी तिच्यासाठी पदर भिजविले. माझे लक्ष मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. मरणाच्या दारात असताना नवऱ्याला वाचविण्यासाठी सिंधू फौजदारापुढे खोटे सांगते. घरातल्या अत्याचाराविषयी सरकारी माणसासमोर बोलण्याचा प्रसंग मराठी रंगभूमीवर आला, आणि त्या गाजलेल्या प्रसंगी बाईने खोटी जबानी दिली, व प्रेक्षकांनी ती पवित्र मानली! गडकऱ्यांची प्रतिभा मोठी, म्हणूनच परिणामही मोठा झाला. आजही पोलीसचौकीत ‘पायरीवरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईच्या मागे कोठे तरी सिंधू उभी असते.

आणि सुधाकर कोण? वकील! ही गंमत पुढेही चालू राहते. ‘प्रभात’च्या १९३७ च्या ‘कुंकू’ बोलपटातले काकासाहेब, म्हातारपणी कोवळ्या नीरेशी लग्न करणारे, तेही वकील. जब्बार पटेलांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’मधला सुलभाचा नवराही वकीलच. तीन काळांतले तीन गाजलेले संसार. तिन्ही घरांत कायद्याची पुस्तके भिंतीला लावून ठेवलेली. आणि तिन्ही बायकांपैकी एकीच्याही कामी त्यांतले पान येत नाही. मला हा केवळ योगायोग वाटत नाही. लेखकांना वकील नवरा हवा असे, कारण तो शिकलेला, प्रतिष्ठित आणि बोलका असतो. पण त्याचा काळा कोट त्यांनी खुंटीवरच ठेवला.

‘कुंकू’च्या बाबतीत लेखकाला दोष देता येणार नाही. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो बोलपट निघाला, तेव्हा सर्वसाधारण हिंदु स्त्रीला कायद्याने मोकळे होण्याची वाटच नव्हती. बडोद्याला सयाजीरावांनी १९३१ मध्ये तसा कायदा केला होता; मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये आला. मग नीरेला सोडविणार कोण? काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि तिला मोकळी करण्यासाठी ते जीव देतात. कायद्यात दार नाही म्हणून पटकथेने भिंत पाडली. विभावरी शिरूरकरांनी १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ लिहिली तेव्हा त्यांच्यापुढेही हीच भिंत होती. त्यांनी भिंत पाडली नाही, की नायिकेला मारलेही नाही; लग्नाच्या बंधनात अडकलेल्या बाईला तिच्या आवडत्या पुरुषाबरोबर लग्नावाचून राहू दिले, आणि त्यापायी स्वतः लोकांचे शिव्याशाप घेतले. मला तर या साऱ्या यादीत तीच कादंबरी सर्वांत धीट वाटते. निजामाच्या अमलाखालच्या आमच्या कळंबला यांतला कोणताच कायदा लागू नव्हता. १९५५ चा मध्यवर्ती कायदा हाच पहिला. तोवर ज्यांच्या जातीत रूढी होती त्यांना काडी, ज्यांच्या जातीत नव्हती त्यांना मांजरा नदी, असे जुनी माणसे म्हणत.

पण कायदा झाल्यानंतर? ‘उंबरठा’ हा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून निघाला, तेव्हा कायद्याला सत्तावीस वर्षे झाली होती. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयही १९७६ च्या दुरुस्तीने आली होती. सुलभा सुधारगृहाची नोकरी करून परत येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली पाहते, आणि निघून जाते. शेवटी ती आगगाडीत बसलेली दिसते. चित्र सुरेखच आहे. पण ती गाडी ज्या स्टेशनवर थांबणार, तेथून पुढे काय? मुलगी कोणाकडे राहील? पोटगीचा अर्ज कोण लिहील? प्रेक्षक डोळे पुसून बाहेर पडतो, आणि सुलभेचे अर्धे आयुष्य चित्रपटगृहातच राहते.

येथे कोणी म्हणेल, की कलेने अर्ज-फाटे लिहावेत काय? जरूर लिहावेत, असे माझे अरसिक उत्तर आहे. आपल्या आत्मचरित्रकार स्त्रियांनी याची थोडी भरपाई केली आहे. मलिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आले, माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ १९८८ मध्ये. दोघींचेही नवरे नामवंत साहित्यिक. त्यामुळे वाचकांनी ही पुस्तके चवीने वाचली आणि चवीपुरतीच वाचली. त्यांतला मोलाचा भाग निराळा आहे. निर्णय एका रात्रीत होत नाही, तो वर्षानुवर्षे होतो आणि पुन्हा मोडतो, हे तेथे दिसते. मनाशी ठरविलेली गोष्ट दुसऱ्या सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर विरघळते, आणि नवरा जरा गोड बोलला की महिनाभर मागे पडते. नाटककाराला हे परवडत नाही. त्याला तिसऱ्या अंकापर्यंत दार आपटून घ्यावयाचे असते.

‘केव्हा’ या प्रश्नाचा खरा अभ्यास मला एका अगदी वेगळ्या लिखाणात सापडला, आणि ते लिखाण म्हणजे एक निवाडा आहे. वकिलीच्या विद्यार्थ्यांना ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा खटला ठाऊक असतो. पुण्याकडच्या एका सुशिक्षित दांपत्याचे १९५६ मध्ये लग्न झाले. पुढे नवऱ्याने बायकोच्या छळाची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाल दिला; तो लिहिला न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी. जीव देण्याच्या व घर पेटविण्याच्या धमक्या, नवऱ्याच्या माणसांविषयी जिव्हारी लागणारे शब्द, हे सारे तपासून न्यायालयाने छळ झाल्याचे मान्य केले. आणि तरीही नवरा हरला! कारण त्या प्रसंगांनंतरही दोघे नवरा-बायको म्हणून नांदत राहिली होती. तेव्हा नवऱ्याने ते सर्व क्षमा केले असे कायद्याने धरले. क्षमा केलेला अपराध पुढच्या गंभीर वागणुकीने पुन्हा जागा होऊ शकतो, हेही न्यायालयाने सांगितले, पण पुढची वागणूक तेवढी पुरी पडली नाही.

कादंबरीकारांनी हा निवाडा उशाशी ठेवावा. ‘अजून थोडे पाहू’ या आपल्या घरोघरच्या वाक्याचा कायदा काय अर्थ लावतो, हे त्यात कळते. सोसणे हा सद्गुण म्हणून आपण शिकविला. कागदावर तो क्षमा म्हणून उमटतो. आणखी एक गोष्ट त्यात आहे. न्यायालयापुढे आदर्श पती आणि आदर्श पत्नी नसतात, समोर उभा असलेला हा पुरुष आणि ही स्त्री असते, अशा अर्थाचे न्यायमूर्तींनी म्हटले आहे. आमच्या कित्येक समीक्षकांना पात्रनिर्मितीविषयी इतके साधे बोलता आलेले नाही.

‘केव्हा’ला आणखीही रुक्ष बाजू आहेत, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे बायका फसतात. लग्नाला वर्ष होण्याआधी, अपवाद सोडल्यास, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. संमतीने सुटायचे तर आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे २०२० मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे अर्ज लिहिण्याआधी जी वर्षे मनाशी बोलण्यात गेली, त्यांचा हिशेब या अर्जात धरला जात नाही. निर्णय घाईने करावा असे मी सुचवीत नाही. पण विचार करीत असतानाच टिपणे ठेवावीत, तारखा लिहून ठेवाव्यात, डॉक्टरांचे कागद जपावेत, हे सांगणारी एक तरी मावशी मराठी कादंबरीत असावयास नको होती काय? आपल्या मावश्या देवीला नवस बोलायला सांगतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीवर माझीही श्रद्धा आहे. पण नवसाला पावती मिळत नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाविषयी. आपले साहित्य दुष्ट नवरा रंगवते तेव्हा त्याच्या मिशीपासून दुष्टपणा सुरू होतो. प्रत्यक्षातला अवघड माणूस असा नसतो. तो शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतो, न्यायाधीशांसमोर नम्रपणे वाकतो, वकिलाला ‘दादा’ म्हणतो. समन्स घेऊन बेलीफ येतो तेव्हा नेमका शेतावर गेलेला असतो. तारखेला त्याचा दाखला येतो, तो स्वतः येत नाही. मुलाला भेटायला आला की खाऊच्या पुडीबरोबर चार वाक्ये शिकवून जातो. कधी असा माणूस नवरा असतो, कधी बायको, कधी दोहोंपैकी एकाची आई. दास्तान्यांचा खटला हे विसरू देत नाही. अशा माणसाशी बोलायचे कसे, हे नाटक शिकवीत नाही. उलट चुकीचे शिकविते. नाटकात बिनतोड उत्तराला टाळी मिळते. न्यायालयात त्याच उत्तराची नोंद होते, आणि पुढच्या तारखेला तीच नोंद वाचून दाखविली जाते. दास्तान्यांच्या प्रकरणातही घरातल्या पत्रांनीच पुरावा पुरविला. रागाच्या भरात लिहिलेल्या चार ओळी पुढे कोण कशासाठी वाचील, याचा नेम नसतो. पूर्वी ती पत्रे असत, आता मोबाईलवरचे निरोप असतात.

तेंडुलकरांना हे कळले होते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात घटस्फोट नाही, खरे न्यायालयही नाही. एक नाटकमंडळी खेळ म्हणून लीला बेणारेवर अभिरूप खटला चालविते. पण न्यायालयाच्या नावाने माणसे कशी बदलतात, हे इतके स्वच्छ कोणी दाखविलेले नाही. काशीकर समाजाची नीती मांडीवर घेऊन बसतात. वकिलीत न चाललेले सुखात्मे तेथे एकाएकी वाघ होतात. आणि शेवटी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. मग बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत येते. स्पर्धांतून किती मुलींनी ते म्हटले असेल! म्हणणारी आणि ऐकणारी दोघीही एक गोष्ट विसरतात: ते स्वगत चालू असताना रंगमंचावरची बाकीची माणसे जागच्या जागी थिजलेली असतात. त्या कोर्टातले कोणीही ते ऐकत नाही. आपण प्रेक्षक तेवढे ऐकतो. अन्याय झालेल्या माणसाची सर्वांत मोठी भूक ही, की एकदा सारे ऐकून घ्यावे; आणि न्यायालय ही भूक भागविण्यासाठी बांधलेले नाही, हे तेंडुलकरांनी रंगसूचनेतून सांगितले. त्यांच्या नाटकाची ही बाजू आपल्या समीक्षेने पुरेशी उघड केली नाही. आम्ही अजून गर्भ आणि समाज यांवरच भांडतो आहोत.

याचा अर्थ खरे न्यायालय काशीकरांचे असते असे नव्हे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यामागे कल्पनाच अशी होती, की हे भांडण फौजदारी खटल्यासारखे चालू नये. तेथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, न्यायालयाच्या परवानगीने राहतो, न्यायाधीशांनी आधी तडजोडीचा यत्न करावयाचा असतो, समुपदेशक असतात, एका पक्षाने मागितले तर दार बंद करून काम चालते. पुण्यामुंबईस अशी न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. लहान गावी, जेथे असे न्यायालय नसते, तेथे हे दावे शेताच्या बांधांच्या दाव्यांबरोबर दिवाणी न्यायालयात चालतात. तडजोडीचे आणि गुप्ततेचे कलम तेथेही आहे. अडचण पुकाऱ्याची असते. नाव पुकारले जाते तेव्हा आवारात अर्धा गाव आपापल्या कामाला आलेला असतो, आणि संध्याकाळच्या एस.टी.च्या आधी बातमी घरी पोहोचते.

या सगळ्यात मला वारंवार ज्यांची आठवण होते, त्यांनी कादंबरी लिहिली नाही. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजीशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो परत आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असे रखमाबाईंचे उत्तर होते. टिळकांचा ‘केसरी’ विरुद्ध गेला, घरोघर त्यांची नालस्ती झाली. त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदु स्त्री’ या सहीने पत्रे लिहिली. त्या पत्रांचा रोख दादाजीवर नाही. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या चालींवर आहे. दादाजीने आपली बाजू छापून प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी तिला मुद्देसूद उत्तर दिले. चार वर्षे हे चालले आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पैसे देऊन सुटणे हा काहींना पराभव वाटला असेल. रखमाबाई दुसऱ्याच वर्षी विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी हयात काढली. १९५५ च्या मे महिन्यात हिंदु विवाह कायदा अमलात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या वारल्या.

त्यांच्या चरित्रावर पुस्तके आली, चित्रपटही आला. पण त्या चार वर्षांतला एक सामान्य दिवस कोणी लिहिला आहे काय? दावा चालू असताना त्या सकाळी उठून काय करीत? वर्तमानपत्र कोण आधी उघडत असे? आपल्या बाजूच्या माणसांचा कंटाळा त्यांना येई की नाही? तसे लिहायला धीर लागतो, आणि थोडी नीरसता सोसावी लागते.

आमच्या भागात तर हा विषय लेखकाची वाटच पाहत पडला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम आणि पलीकडचा बीड जिल्हा येथून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडप्याच्या नावावर दिलेली असते आणि ती पावसाळ्यातच खर्च झालेली असते. आता ज्या बाईला नवऱ्यापासून सुटायचे आहे, तिने केव्हा सुटायचे? हंगामाआधी सोडले तर उचल कोण फेडणार, म्हणून मुकादम तिच्या बापाच्या दारात येतो. हंगामात सोडले तर परमुलखातल्या पालावरून पोर काखेत घेऊन चालत यायचे. हंगामानंतर सोडावे तर पुढच्या उचलीची बोलणी सुरू झालेली असतात. अर्ज केलाच, तर तारीख पडते पौषात, जेव्हा ती आणि तो दोघेही अजून एकाच फडात एकाच मोळीला हात लावीत असतात. वेगळे होऊ पाहणारी दोन माणसे दिवसभर जोडीने ऊस तोडतात, एक कोयता म्हणून हजेरी लावतात, आणि तारखेला गैरहजर म्हणून न्यायालयाच्या कागदावर दोघांचीही नोंद एकाच ओळीत होते.